नानांचे आपोआप जाणारे फोटो

नाना कॅमेरा डोक्यावर धरून भिंतीला चिकटून उभे असले, की त्यांच्या घरात कोणी हलायचं नाही. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला वाटलं, वर पाल आहे. लाटणं हातात घेऊनच बाहेर आले.

"काय झालं नाना?"

"फोटो जातोय. मधे येऊ नका."

"कुठून?"

"हवेतून."

मी हवेत बघितलं. पंखा फिरत होता, बाकी काही दिसलं नाही. नानांनी डोळ्यांनीच पंख्याकडे खूण केली, मी पंखा बंद केला. वाऱ्याने फोटो भरकटत नाही, हे त्यांना पुढे त्यांच्या पुतणीने समजावलं, पण पंखा बंद करायचं त्यांनी सोडलं नाही. उगाच धोका कशाला, म्हणाले.

नारायण पेठेत एकाच मजल्यावर मी दोन घरच्या पोळ्या करते. एक घर नानांचं, दुसरं त्यांच्या थोरल्या भावाचं, आप्पांचं. नानांनी लग्न केलं नाही, आणि आप्पांच्या मंडळी वारल्या. दोघे सख्खे भाऊ. वडिलांच्या जागेची वाटणी झाली तेव्हा हॉलच्या मधोमध भिंत घातली. ती नेमकी खिडकीवर आली. पण निम्मं म्हणजे निम्मं, त्यामुळे खिडकीची एक झडप इकडे आणि एक तिकडे. पुढे एकदा आप्पांच्या ओल्या टॉवेलचं पाणी नानांच्या न वाचलेल्या वर्तमानपत्रावर ठिबकलं, आणि अबोला धरला गेला. ते वर्तमानपत्र केव्हाच रद्दीत गेलं. अबोला आहे तसाच.

अबोला दोघेही फार शिस्तीने पाळत. नाव घ्यायचं नाही. नाना आप्पांना "पलीकडचे" म्हणत. आप्पा नानांना नुसतं "ते". बोलायचं ते माझ्यामार्फत.

"सुमनबाई, पलीकडच्यांना सांगा, जिन्यातला दिवा दिवसासुद्धा जळतोय. सूर्यावर विश्वास नसेल तर तसं सांगावं."

मी पलीकडे जायचे. भिंत इतकी पातळ, की आप्पा तोंड उघडूनच बसलेले असत.

"त्यांना सांगा, ऐकू आलं."

तरी मी निरोप परत नीट सांगायचा. नियम तो नियम. मी फारशी बोलत नाही, म्हणून दोघांनाही मीच सोयीची वाटत असेन.

नानांना फोटोंचा नाद जुना. पण माणसांचे, देवळांचे, फुलांचे फोटो ते काढत नसत. ते पुरावे काढत. फाटकासमोर लावलेली स्कूटर, उखडलेला रस्ता, मंडईत तराजूखाली ठेवलेला भाजीवालीचा अंगठा. "पुरावा पाहिजे," म्हणायचे. "पुराव्याशिवाय या शहरात कोणी ऐकत नाही." एवढे पुरावे ते कोणाला दाखवतात, असं मी एकदा हळूच विचारलं. म्हणाले, "वेळ आली की दाखवणार." वेळ काही आली नाही. पुरावे साठत राहिले.

आप्पांची मुलगी मृणालताई बंगळुरूला असते. एकदा आली तेव्हा तिने काकांसाठी वायफायवालं कार्ड आणलं. ते कॅमेऱ्यात घातलं की कॅमेऱ्यातले फोटो वायरीशिवाय जवळच्या फोनमध्ये आपोआप जातात. तिने नानांचा फोन त्याला जोडला, आणि आप्पा रिकामे बसतात म्हणून आप्पांचा टॅबही जोडून टाकला.

नानांना कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठले.

"म्हणजे माझे फोटो तिकडे जातात? निम्मे का सगळे?"

"सगळे, काका."

"अगं, आमची वाटणी झालीय!"

"काका, तिकडे गेले तरी तुमचे कमी होत नाहीत."

नानांनी फोन उघडून खात्री केली. एकही कमी झाला नव्हता. तरी त्यांचा चेहरा संशयीच.

"बंद करून देऊ का?" मृणालताईने विचारलं.

"राहू दे," नाना म्हणाले. "मी पाठवत नाहीये. आपोआप जातंय, त्याला मी काय करणार?"

त्या दिवसापासून भिंतीला चिकटणं सुरू झालं. आपोआप जाणाऱ्या फोटोंसाठी एवढे कष्ट घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सकाळी फिरून आले की चप्पल काढायच्या आधी कॅमेरा भिंतीला. पुढे तर स्टूल आलं.

सुरुवातीचे फोटो भांडणाचेच होते. आप्पांचा टॉवेल. आप्पांच्या दारातल्या आडव्यातिडव्या चपला. पलीकडे टॅब वाजायचा, आप्पा चष्मा लावून बघायचे आणि मला म्हणायचे, "त्यांना सांगा, टॉवेल झकास आलाय, पण मागे रस्त्यावरचा खांब तिरका आलाय."

मी सांगायचे. नाना फणकारायचे. "खांबच तिरका आहे म्हणावं! महापालिकेने घातलाय!"

दुसऱ्या दिवशी खांब सरळ यायचा. आप्पा मान डोलवायचे, पण हा निरोप काही मला द्यायचे नाहीत.

मग आप्पा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आले ते पलंगावरच. जिना उतरणं बंद. नाना दवाखान्यात गेले नाहीत, अबोला होता ना. फक्त मला रोज विचारायचे, "पलीकडचे पोळी किती खातात?" मी दोन म्हटलं की गप्प. एक म्हटलं की, "तुमच्या पोळ्या हल्ली जाड होतात."

फोटो मात्र बदलले. मंडईतल्या मटारचा ढीग. चहाच्या टपरीवर उकळणारं पातेलं. आणि एक दिवस नदीकाठच्या कट्ट्यावर बसलेली म्हातारी मंडळी, सगळी कॅमेऱ्याकडे हात हलवणारी. हे आप्पांचे मित्र. आप्पा रोज संध्याकाळी त्यांच्यात बसायचे.

"हा कसला पुरावा, नाना?" मी विचारलं.

"ही माणसं रिकामटेकडी आहेत, याचा."

आप्पांनी तो फोटो दिवसभर टॅबवर तसाच ठेवला होता.

मृणालताई परत आली ती आप्पांना न्यायलाच. इथे रात्री-बेरात्री कोण बघणार, हे तिचं खरंच होतं. आप्पांनी मला हाक मारली. "त्यांना सांगा, मी बंगळुरूला चाललोय."

मी अलीकडे आले. नाना भिंतीपाशीच उभे होते.

"त्यांना सांगा, ऐकू आलं."

दुपारी त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला आणि मला जिना उतरायला लावलं. स्वतः वर कॅमेरा उंच धरून उभे. कार्ड किती लांबपर्यंत जातं ते त्यांना बघायचं होतं.

"आला का?"

"आला."

"आणखी खाली. आता?"

"नाही आला."

"नीट धरा!"

नीटच धरला होता. वळणाच्या पुढे एकही फोटो आला नाही. नाना वरूनच कार्डाला म्हणाले, "जिन्यातच दमलास, लेका. बंगळुरूला काय जाणार?"

मी म्हटलं, "नाना, आता सगळे व्हॉट्सॲपवर पाठवतात. माझी बहीण सोलापूरहून पाठवते."

"मला माहीत नाही का?" नाना खेकसले. "त्यात नाव निवडावं लागतं. तसं पाठवलं म्हणजे मी पाठवलं असं होतं."

मी कणकेचा डबा उघडला आणि कामाला लागले.

निघायच्या दिवशी सकाळी दोन हमालांनी आप्पांना खुर्चीत बसवून उचललं आणि जिन्याने उतरवायला घेतलं. नानांचं दार सताड उघडं होतं. एरवी आप्पा यायचे-जायचे तेव्हा ते लावलेलं असे. आप्पांनी उचलणाऱ्यांना थांबवलं आणि आत बघितलं. नाना दाराकडे पाठ करून आपल्या निम्म्या खिडकीशी उभे होते, कॅमेऱ्याची काच पुसत. बराच वेळ पुसत होते. मृणालताई "काका, येते" म्हणाली, तेव्हा मागे न वळता "हं" म्हणाले. खुर्ची खाली गेली.

टॅक्सीत बसवल्यावर आप्पांनी काच खाली केली आणि वर बघितलं. नानांनी खिडकीतून फोटो काढला. टॅक्सी हलली. नाना घाईघाईने स्टुलावर चढले, कॅमेरा भिंतीला लावला.

मला सांगवत नव्हतं, पण सांगितलं. "नाना, टॅब मृणालताईंच्या पिशवीत गेला."

ते तरी थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग भिंतीला धरून खाली उतरले. पंखा बंदच होता. पलीकडून टॅबचा आवाज नाही, खोकला नाही.

"सुमनबाई, एक नंबर द्या."

"कोणाचा?"

"कोणाचा ते तुम्हाला माहीत आहे."

मी आप्पांच्या मोबाईलचा दिला. त्यांनी एकेक आकडा दाबून घेतला. नाव घालायच्या जागी त्यांचं बोट अडलं. मला वाटलं, आता "पलीकडचे" लिहितील. त्यांनी "दादा" लिहिलं. इतकी वर्षं मी त्या घरात येते, हा शब्द तिथे मी कधी ऐकला नव्हता.

मग फोटो पाठवला. टॅक्सीची खिडकी आणि त्यातून वर बघणारे आप्पा. खाली काहीतरी लिहायला हवं म्हणून नाना चष्मा वरखाली करत बसले. साऱ्या पेठेच्या चुका काढणारा माणूस, पण लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे. शेवटी फोन माझ्यापुढे धरला.

"बघा, बरोबर आहे का?"

मी वाचलं. लिहिलं होतं, "पोचलास का?"

टॅक्सी अजून लक्ष्मी रोडच्या गर्दीतसुद्धा शिरली नसेल. मी म्हटलं, "बरोबर आहे."

त्यांनी ते पाठवलं, फोन मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. मी आत जाऊन तवा तापत ठेवला.