एल्मोची ओळख

थर्मन स्टीगलचा फोन आला तेव्हा त्याची बायको नेडीन केसांना रोलर लावून बसली होती.

“नेडीन, मी तुरुंगात आहे.”

“अगं बाई, यंदा तुलाही धरलं?” नेडीनचा आवाज एकदम खुलला. “किती लावलेत तुझ्यावर?”

“पंधराशे डॉलर.”

“एवढेच? गेल्या वर्षी पाद्रीबाबांवर दोन हजार लावले होते. आपली काही पत आहे की नाही गावात?”

थर्मनने कपाळाला हात लावला. चूक तिची नव्हती. आज अग्निशमन दलाची जत्रा होती. कोर्टासमोरच्या हिरवळीवर लाकडी पिंजरा मांडायचा, गावातल्या बड्या मंडळींना खोटीखोटी अटक करून त्यात बसवायचं आणि कुणीतरी देणगी भरून त्यांना सोडवायचं, ही पर्डी क्रीकची जुनी गंमत. पण थर्मनला धरलं होतं ते खरोखर. मागे कधीतरी परवान्याशिवाय मासे धरताना तो सापडला होता आणि कोर्टाची तारीख सोयीस्करपणे विसरला होता. आज सकाळी गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून पोलिसांनी अडवलं आणि ती विसरलेली तारीख बरोबर वर आली.

“पिंजरा नाही गं, खरा तुरुंग. गज लोखंडाचे आहेत.”

फोनवर एक रोलर जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

“आज संध्याकाळी व्याही जेवायला यायचेत,” नेडीन हळूच म्हणाली. “पुढच्या शनिवारी पोरीचं लग्न. आणि हॉरेसराव चर्चचे डीकन. ते रस्त्यावरच्या बिअरच्या जाहिरातीकडेसुद्धा पाठ फिरवून चालतात. त्यांना कळलं तर लग्न मोडतील रे.”

“म्हणून तर फोन केला. आणि ब्रिस्केटचं मांस भट्टीवर धुरात शिजतंय. लाकूड घालत राहा, पण झाकण उघडू नकोस.”

थर्मनने फोन ठेवला. पहाऱ्यावरचा लमार शेजारणीचाच मुलगा होता. त्याने समजावून सांगितलं, “काका, पंधराशे रोख भरा. तारखांना नीट हजर राहिलात की परत मिळतील. नाहीतर एल्मोला गाठा. तो दहावा हिस्सा घेतो आणि बाकीची हमी तो देतो. पण त्याला दिलेले दीडशे गेले ते गेलेच. शिवाय काकूंची सही लागेल. तुम्ही पळालात की तो काकूंच्या मानगुटीवर बसणार.”

“मी कशाला पळतोय?”

“काकूंनी सही केल्यावर तर मुळीच नाही पळणार.”

घरातला पैसा लग्नात गेला होता आणि शनिवार म्हणून बँक बंद होती. उरला एल्मो केचम. आजूबाजूच्या दोन काउंट्यांत मिळून जामीन देणारा हा एकटाच. माणूस गोड, पण त्याला रस्त्यात कुणी नमस्कार करत नसे. केला की बघणारा विचारणार, तुमची ओळख कशी झाली बुवा? एल्मोला हे पक्कं ठाऊक होतं. तोही कुणाला आपणहून ओळख दाखवत नसे, समोरून कुणी आलं की टोपी डोळ्यांवर ओढायचा.

“बोलाव त्याला,” थर्मन म्हणाला.

लमारने खिडकीबाहेर बोट दाखवलं. हिरवळीवरच्या पिंजऱ्यात, कागदाची पट्ट्यापट्ट्यांची टोपी घालून, एल्मो लिंबाचं सरबत पीत बसला होता.

“त्याच्यावर शंभर डॉलर लावलेत. पाद्रीबाबा सकाळपासून तीनदा सुटले, पण एल्मोला सोडवायला कुणी पुढे येत नाही. पैसे भरले म्हणजे ओळख निघाली ना.”

“अरे, खोटा पिंजरा आहे. म्हणावं, दार ढकल आणि ये.”

लमार जाऊन विचारून आला. “नाही म्हणतो. म्हणाला, ‘जामिनाशिवाय मीच पळालो, तर पळालेल्या गिऱ्हाइकांना कुठल्या तोंडाने धरू?’”

थर्मनने पुन्हा घरी फोन लावला. “नेडीन, तू येऊन आधी एल्मोला सोडव.”

“सगळ्या गावासमोर? लोक म्हणतील, आपली ओळख आहे.”

“मग राहू दे. हॉरेसरावांना इथेच घेऊन ये जेवायला.”

थोड्याच वेळात नेडीन हिरवळीवर उगवली, रोलरवर रुमाल आणि डोळ्यांवर काळा चष्मा. तिने डब्यात पैसे टाकले आणि जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी या गृहस्थांना ओळखत नाही. मी आगीच्या बंबासाठी देतेय.”

“आभारी आहे बाई,” पिंजऱ्यातून एल्मो म्हणाला. “मीही तुम्हाला ओळखत नाही.”

जमलेल्या बायकांनी एकमेकींकडे समजून पाहिलं. एल्मो या फुटपाथवरून आणि नेडीन त्या फुटपाथवरून, अशी दोघं तुरुंगात पोचली. नेडीनने सही ठोकली, पण घरात उरलेल्या दोनशेंतले शंभर बंबात गेल्यामुळे दीडशेला पन्नास कमी पडले. एल्मोने नाक वर करून हुंगलं. नेडीनच्या रुमालाला ओकच्या धुराचा वास होता.

“ब्रिस्केट?” त्याने विचारलं. “पन्नास त्यात फिटतील. मी जेवायला येतो.”

“व्याह्यांसमोर?” नेडीनचा चष्मा खाली घसरला.

“बाई, मी आधी कुणाला ओळख दाखवत नाही. धंद्याचा धर्म आहे.”

शेवटी तो लाकूडवाला म्हणून यायचा, असं ठरलं. घरी पोचेपर्यंत ब्रिस्केट एका बाजूने करपलं होतं, ती बाजू थर्मनने खाली लपवली. एल्मो शहाण्यासारखा भट्टीपाशी लाकडं रचत उभा राहिला. हॉरेसराव गळ्यापर्यंत बटणं लावून, हातात केक घेतलेल्या बायकोसह फाटकातून आत आले.

“या, या,” नेडीन पुढे झाली. “आणि हे आमचे लाकूड—”

“अरे एल्मो,” हॉरेसरावांच्या तोंडून निघून गेलं, “तू इथे कसा?”

एल्मोने टोपी डोळ्यांवर ओढली. “माफ करा साहेब, आपली ओळख नसावी.”

हॉरेसरावांच्या बायकोने मान सावकाश वळवली. “हॉरेस, आपल्या घरी तर गॅसची शेगडी आहे. या लाकूडवाल्याशी तुमची ओळख कुठली?”

हॉरेसराव भट्टीकडे बघत राहिले. थर्मनने सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. नेडीनने सगळ्यात मोठा, न करपलेला तुकडा कापून त्यांच्या ताटात वाढला.

“घ्या ना, व्याहीबुवा,” ती प्रेमाने म्हणाली. “आता कसला संकोच. आपण एका घरचेच.”