खाजनवाड्याची लोकसंख्या

आमच्या शाळेतले भिकू मास्तर मयताला गेले की सांत्वन करत नाहीत. अंगणात चपला काढतात, घरच्यांना नमस्कार करतात आणि हळूच म्हणतात, "तिसरो वॉर्ड एकान उणो." लग्नातही तेच. मुलगी सासरी निघाली की आई रडते, बाप रडतो आणि मास्तर विचारतात, तालुका कुठला? डिचोली म्हटलं की मान हलवतात. आपल्या पेडण्यात एक कमी, डिचोलीत एक जास्त, राज्याला फरक नाही.

माणूस त्यांना नावाने आठवत नाही, पत्त्याने आठवतो. मी शाळेत शिक्षक म्हणून नवा लागलो तेव्हा वर्षभर मला "दुसरो वॉर्ड, वरचो वाडो" अशीच हाक होती. केंद्रशासित प्रदेशाचं राज्य नुकतंच झालं होतं. मी सभांची पत्रकं लिहायचो आणि मधल्या सुट्टीत मास्तरांना राज्य म्हणजे काय ते समजवायचो. ते शांतपणे ऐकायचे. एकदाच म्हणाले, "राज्य मोठा झाला रे. वाडे खंय गेले?"

वाडे रिकामे होत होते. कोणी मुंबईला, कोणी आखातात, कोणी नुसतं म्हापशाला. खाजनवाड्याचा बांध फुटून शेतात खाडीचं खारं पाणी शिरलं, तेव्हापासून तिथे एकट्या शेवंतीकाकी उरल्या होत्या. गणपतीची चवथ झाली आणि लेक त्यांना कारापूरला घेऊन गेली.

शिरगणती तोंडावर होती आणि घरोघर फिरणारे आम्ही शिक्षकच. खाजनवाडा मास्तरांच्या वाट्याला. चार घरं, माणूस शून्य. मास्तरांचं जेवणच सुटलं. अशा वस्तीला महसुलात बेचिराग म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ती. हा शब्द मास्तर शिवीसारखा उच्चारत. मी म्हटलं, काकींचं नाव लिहून टाका. सरकार आपल्याला एवढं फसवतं, आपण एका आकड्याने फसवलं तर काय बिघडलं? मी शाळेची घंटा चोरून विकली असावी, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "नसलेला माणूस मी लिवचंय नाय."

नाताळच्या सुट्टीत गावाला हसायला विषय मिळाला. निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, आणि मास्तर काकींकडून किल्ली आणून, एक चटई आणि एक टोप घेऊन खाजनवाड्यात राहायला गेले. तिठ्यावर त्यांना सरपंच म्हणू लागले. वर, तुमची पंचायत बेडकांची का, म्हणून विचारू लागले. सुट्टी संपली तरी मास्तर तिथेच, आणि सकाळी चिखलाचे पाय धुऊन वर्गात हजर.

मोजणी सुरू झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. स्वतःचा फॉर्म स्वतःच भरणं त्यांना पटत नव्हतं. मी मोडक्या बांधावरून गेलो. आज त्यांना स्पष्ट सांगायचं, हे वाटेतच ठरवलं होतं, आणि सांगितलं. छापील तक्त्यात गावाचा आकडा येतो, वाड्याचा येत नाही. तुमचा हा एक कुठेच दिसणार नाही.

"म्हायत आसा," चुलीत लाकूड सारत मास्तर म्हणाले. "तिसरी शिरगणती ही माझी."

"मग वर गावातलं तुमचं घर बंद का केलंत?"

"थंय पण मी एकटोच होतंय. दोन म्हयने थंय दिवो नाय. कोणी इचारल्यान?"

कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी फॉर्म भरायला घेतला. कुटुंबप्रमुख, वय, धंदा. एकूण माणसं, एक. मग मातृभाषेचा रकाना आला. याच रकान्यात घरची बोली नको, मराठी लिहा म्हणून मी दारोदार पत्रकं वाटली होती, भांडलो होतो, एका मित्राशी बोलणं टाकलं होतं. मी पेन सरसावून बसलो. मास्तर चुलीवरची पेज ढवळत होते.

"हंय बोलूक कोण आसा?" ते म्हणाले.

मग उठले, दोन ताटल्या पुसल्या आणि पेज वाढली.

"बस. पाव्हण्याक मोजूचा नाय, जेवूक घालूचा."

मी जेवलो. रकाना तसाच कोरा होता.