मोकल सरांना मत नाही

शाळेत मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं करतात. आमच्या शाळेत मास्तर उभे राहतात.

मी रोह्याहून रोज पेणजवळच्या या शाळेत येऊ लागले, त्या पहिल्याच महिन्यात हे दृश्य पाहिलं. सभागृहात दहा-बारा चित्रं ओळीने मांडलेली, समोर सतरंजीवर सातवीची मुलं गुपचूप बसलेली, आणि चित्रकलेचे मोकल सर कोपऱ्यात सगळ्यांकडे पाठ करून उभे. मला वाटलं, सरांना चक्कर आली. जवळ जाऊन विचारलं, तर मान न वळवता म्हणाले, "काय नाय झालं बाई. माझं तोंड लई बोलकं हाय. पोरं चित्र बघायची सोडून मलाच बघतात."

आमच्या शाळेत चित्रांचा संग्रह आहे, आणि त्यातलं प्रत्येक चित्र मुलांनी निवडलेलं आहे. ही सगळी मोकल सरांची करणी. दिवाळीची सुट्टी संपली की सर स्कूटर काढतात आणि पेण, रोहा, हमरापूर असं हिंडून चित्रं मागून आणतात. पाट्या रंगवणारा असो, निवृत्त तलाठी असो, कॉलेजची मुलगी असो, सगळ्यांना एकच बोली. मुलांनी निवडलं तर चित्र शाळेचं, नाही तर घरपोच परत. प्रत्येक चित्राला एक नंबर. चित्रकाराचं नाव कागदाची पट्टी चिकटवून झाकलेलं. मुलांनी एक अख्खा तास नुसतं बघायचं आणि मग आवडत्या चित्रापुढच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. मी गणिताची, म्हणून चिंचोके मोजायचं काम माझ्याकडे आलं.

एखादं पोर पाच मिनिटांत उठलं, तर भिंतीकडून आवाज येतो, "बस रं. चित्र कुठं पलत नाय. तूच पलतोस."

चित्र लावायचं कुठे, तेही मुलंच ठरवतात. त्यामुळे मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक भलीमोठी कोंबडी आहे. तिची नजर अशी, की समोर बसणारा आधी स्वतःचा शर्ट नीट करतो. एकदा तपासणीला आलेले साहेब अर्धा तास तिच्याकडे बघून बोलत होते. जिन्यात डुलकी लागलेला एसटीचा ड्रायव्हर आहे. प्रयोगशाळेच्या दारावर डोलवीच्या कंपनीचा जांभळा धूर आहे. तिथल्याच एका क्रेनवाल्याने शिफ्ट संपल्यावर घरी बसून काढलेला.

मत द्यायचं नाही, ही सवय सरांच्या अंगात इतकी भिनली होती, की ती शाळेच्या बाहेरही सुटेना. शिक्षकांच्या खोलीत कोणी डबा पुढे केला, "सर, भाजी कशी झालीय?" तर सर घास चावत म्हणत, "तुम्हाला कशी वाटली?" छत्री घेऊ का, विचारलं तर, "तुमचं काय म्हणणं?" आमचे पीटीचे सर एकदा चिडून म्हणाले, "मोकल, तुम्हाला स्वतःचं नाव तरी आवडतं का?" सरांनी खरोखर विचार केला. म्हणाले, "दुसरी नावं बघितली पायजेत."

सर एकटेच. जोह्याला गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्यामागे एक खोली, तिथे राहायचे आणि फावल्या वेळात मूर्तींचे डोळे आखून द्यायचे. याहून जास्त कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

त्यांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते, त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी आपल्या दिवंगत वडिलांचं मोठं तैलचित्र शाळेत पाठवलं. स्नेहसंमेलनाआधी सभागृहात लावा, म्हणून निरोप. मुख्याध्यापक खिळा शोधायला लागले. मोकल सर शांतपणे म्हणाले, "लावू की. नंबर अकरा." आणि खालच्या पितळी पाटीवर त्यांनी कागद चिकटवला.

मी चिंचोके मोजले. नंबर अकराला दोन मतं.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. आम्ही कोंबडीखाली बसलो. "मोकल," अध्यक्ष म्हणाले, "पोरांना काय कळतं? तुम्हाला आवडतं तेच तुम्ही निवडून घेता. पढवता त्यांना. या वर्षीपासून हे बंद."

सरांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. पण मला बोलायचं होतं. कारण त्या वर्षी मोजणीनंतर पट्ट्या काढताना मी नंबर चारचीही पट्टी काढली होती. एरवी परत करायच्या चित्रांतलं एक सर स्वतःच्या हाताने उचलून नेत, ते का, हे मला तेव्हा कळलं. पट्टीखाली नाव होतं, मोकल. मी मोजणीचे जुने कागद काढून बघितले. दर वर्षी एक नंबर असा होता, की त्याच्या पुढे चित्रकाराचं नाव सरांनी लिहिलेलंच नव्हतं. कधी त्याला एक मत होतं, कधी शून्य. बारा वर्षं हा माणूस आपलं चित्र मुलांपुढे ठेवत होता आणि बारा वर्षं हरत होता.

"साहेब," मी म्हटलं, "सरांना आवडतं तेच मुलं निवडत असती, तर..."

"बाई, चहा गार होतोय," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका काकुळतीचा होता, की मी कप उचलला.

मग सर अध्यक्षांकडे वळले. "साहेब, बंद करा. पन येक तास द्या. पोरांनी बघितलं तसं तुम्ही बघा."

अध्यक्षांना हे अपेक्षित नव्हतं. नाही म्हणता येईना, म्हणून ते सभागृहात वडिलांच्या चित्रासमोर खुर्ची टाकून बसले. सातवीतली सानिका तिथे सतरंज्या गोळा करत होती. थोड्या वेळाने अध्यक्षांनी तिला विचारलं, "का गो, तू का नाही दिलंस मत याला?"

"ते आजोबा रागावलेत," ती म्हणाली. "रोज जाता-येता कोण बघंल?"

अध्यक्ष पुन्हा चित्राकडे बघत राहिले. तास भरायच्या आत बाहेर आले. "रागीटच होते," ते म्हणाले. "आम्ही पाचही भावंडं त्यांच्यासमोर जेवताना बोलत नव्हतो." ते स्वतःशीच हसले आणि चित्र गाडीत ठेवायला सांगून निघून गेले. निवड बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

सर निवृत्त व्हायच्या आठवड्यात मी त्यांना सामान आवरायला मदत करत होते. नंबर चारचं चित्र तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. मिठागरात टोपली घेऊन उभी असलेली बाई. पाणी, मिठाचे ढीग, पायांच्या भेगा, सगळं जिवंत. जोह्यातल्या अर्ध्या गणपतींचे डोळे ज्याच्या हातून आखले जातात, त्या माणसाने बाईचं तोंड मात्र कोरं सोडलं होतं.

"मुलांना सांगू का, हे तुमचं आहे म्हणून?" मी विचारलं.

"नको बाई. मग ती कीव करून मत देतील."

सर चित्राला कागद गुंडाळून सुतळी बांधू लागले, एवढ्यात सानिका दारात आली.

"सर, ती मिठवाली बाई कोणाची हाय?"

"हाय येका मानसाची. त्याला परत द्यायची हाय."

"त्याला सांगा, माझं मत तिलाच व्हतं. पन तोंड काढायला पायजे व्हतं."

"त्याला आठवत नाय गो. आई गेली तवा तो तीन वर्षांचा व्हता. फोटू पन नाय."

"मग घरात कुणाला तरी विचारायचं."

"घरात कोन नाय त्याच्या."

सानिकाने थोडा विचार केला. "मग माझ्या आजीला विचारा म्हनावं. ती पहिल्यापासून मिठागरात व्हती. तवाच्या सगल्या बायांना वलखते ती. कोन कशी हसायची, ते पन करून दाखवते."

सरांचे हात सुतळीवर थांबले. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. गाठ अर्धीच राहिली होती, ती त्यांनी हळूच सोडली आणि चित्रावरचा कागद काढायला लागले.

"सानिका," ते म्हणाले, "आजी दुपारची घरी असते का गो?"