बिस्राबाईंची दाढदुखी

बिस्राबाई ओठांना लाली लावून शाळेत आल्या, तेव्हाच मुख्याध्यापक झाप्रियान सावध झाले.

शाळा भर चौकातून उचलून रेल्वे फाटकापलीकडे, टायरच्या गोदामाशेजारी नेल्यापासून दोन शिक्षक सोडून गेले होते. जुनी इमारत नगरपालिकेनं एका खासगी शाळेला दिली आणि ते दोघंही तिथंच जाऊन चिकटले. तेव्हापासून कुणी नीट दाढी केली, कुणी फोन घेऊन बाहेर गेलं, की सरांना तो मुलाखतीला निघालेलाच दिसे. त्यात बिस्राबाई शिकवत रसायनशास्त्र. त्या गेल्या तर त्या विषयाला दुसरं माणूस अख्ख्या गावात मिळणार नव्हतं.

"सर, आज जरा लवकर सुटू का? दाढ ठणकतेय."

"कुठली?"

"ही... डावीकडची."

सकाळी त्याच डावीकडनं बाईंनी तीळ लावलेलं गेव्रेक, पावाचं ते कडक कडं, कुरुमकुरुम खाल्लेलं सरांनी पाहिलं होतं.

"जा, जा. दाढेची हयगय नको," ते म्हणाले आणि बाई शाळेबाहेर पडताच कोट चढवून मागोमाग निघाले.

बसमध्ये ते वर्तमानपत्राआड बसले. चौकात उतरून बाईंनी केस सारखे केले आणि दंतवैद्याकडे ढुंकूनही न बघता त्या थेट जुन्या इमारतीत शिरल्या. रखवालदारानं कुणीतरी पालक समजून अदबीनं दार उघडलं.

"सापडली!" सर पुटपुटले. मागचं दार त्यांना ठाऊक होतंच. आत बाई मात्र कुठं दिसेनात. सर एकेका खोलीच्या दाराला कान लावत चालले, तोच मागून आवाज आला, "या, या! मुलाखतीला ना? तुमचीच वाट बघत होते."

या खासगी शाळेच्या संचालिका, इस्क्राबाई. दाराला कान लावलेला माणूस दुसरं काय सांगणार? सर "हो" म्हणाले.

त्यांना नेऊन बसवलं ते त्यांच्याच जुन्या खोलीत, फक्त टेबलाच्या अलीकडच्या बाजूला.

"आत्ताची शाळा का सोडावीशी वाटते?"

'छे, सोडायची नाही,' असं म्हणायला सरांनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. टायरचा वास, मालगाड्यांचा खडखडाट, फाटक पडलं की पलीकडेच अडकणारा अर्धा वर्ग... बोलता बोलता त्यांना रुमाल काढून डोळे पुसावे लागले. इस्क्राबाईंनी पाणी पुढं केलं.

तेवढ्यात रखवालदार बिस्राबाईंना घेऊन आत आला. "मॅडम, ह्या तळघरात सापडल्या!"

बाईंच्या बाह्या कोपरापर्यंत वर, हात ओले, आणि खोलीभर आंबट वास.

"कोबी आहे हो!" बाई कळवळून म्हणाल्या. "आम्हा शिक्षकांचं खारवलेल्या कोबीचं पिंप. शाळा हलली, भरलेलं पिंप हलेना! पाणी खालून काढून वरून ओतत राहावं लागतं, नाहीतर सगळा नासतो... अगंबाई, सर? तुम्ही इथं?"

"तुम्ही ओळखता ह्यांना?" इस्क्राबाईंनी चढ्या आवाजात सरांना विचारलं. "मी पोलिसांना बोलावणार होते."

पोलिसांचं नाव निघताच सर ताडकन उभे राहिले. "पोलीस? अहो, ह्या माझ्या शाळेतल्या बाई! अशी रसायनशास्त्राची शिक्षिका दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही. भिंतीला शिकवलं तर भिंत पास होईल! कधी खाडा नाही, कधी कुरकुर नाही..."

"रसायनशास्त्र?" इस्क्राबाईंनी चष्मा वर केला. "बाई, तुम्ही उभ्या का? बसा ना."

सोमवारी बिस्राबाई सरांच्या खोलीत आल्या. हातात कोबीच्या पाण्याची बाटली होती. ती त्यांनी हळूच टेबलावर ठेवली.

"सर, खरं सांगते, सोडायचं माझ्या मनातही नव्हतं. पण तुम्ही इतकं बोललात माझ्याबद्दल... त्यांनी तिथल्या तिथंच नोकरी देऊ केली. घरही जवळ आहे."

सर बाटलीचं बूच फिरवू लागले. मग हळूच म्हणाले, "आणि माझ्याबद्दल? माझ्याबद्दल काय म्हणाल्या त्या?"

"माणूस चांगला आहे, म्हणाल्या. पण फार रडतो."

बाई गेल्या. दार पुन्हा किलकिलं झालं आणि इतिहासाचे वेलिझार सर आत डोकावले. इकडंतिकडं बघून त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, पुन्हा कधी त्या बाजूला गेलात," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तर माझ्याबद्दलही दोन शब्द टाकाल का?"