पहाटे पाचचं पाणी

पहाटे पाचला गजर झाला आणि सत्यवान परब धडपडत उठले. लुंगी सावरत, एकाच पायात चप्पल घालून ते मागीलदारी पळाले, पंपाचं बटण दाबलं आणि नळी पहिल्या पिंपात सोडली. चार पिंपं, सहा हंडे, तीन बादल्या, एक कुकर आणि देवपूजेचा तांब्या, एवढं भरल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. विहीर, गावच्या बोलीत बाव, त्यांच्याच परसात, दहा पावलांवर होती. ऐन वैशाखातही तिला पुरुषभर पाणी असे. दिवसभरात केव्हाही बटण दाबावं आणि पाणी घ्यावं. तरी परब पाचला उठत.

"पावणेसहाच्या आत भराक होया," ते स्वतःशीच पुटपुटले.

"कित्याक? मगे बाव उठान खंय जाता?" आतून यशोदाबाईंनी रोजचा प्रश्न विचारला आणि रोजच्यासारखीच कूस बदलली.

परबांनी नळी दुसऱ्या पिंपात सरकवली. छत्तीस वर्षांची सवय दोन वर्षांत सुटत नाही, हे त्यांना कळत होतं. ते दुसऱ्याला सांगायचं कसं, एवढंच कळत नव्हतं.

ती छत्तीस वर्षं मुंबईच्या उपनगरातल्या एका वसाहतीत गेली होती. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी सरकारने बांधलेली वसाहत. चोवीस इमारती, सगळ्या दुमजली, सगळ्या पिवळ्या आणि सगळ्यांना गळती. दोन इमारतींच्या मध्ये बदामाचं एक झाड आणि झाडाखाली सिमेंटचा एक बाक. परब सतरा नंबरात राहत. पाणी पाच वाजून दहा मिनिटांनी यायचं. येण्याआधी नळ दोनदा खोकायचा, मग फुसफुसायचा आणि मग धार लागायची. वरच्या मजल्यावर धार पोचत नसे, म्हणून सगळी इमारत खालच्या नळावर रांग लावायची. तिथे सोयरिकी जमल्या, मोडल्या, पोरांचे निकाल कळले, गणपतीची वर्गणी ठरली. "पाणी आलंय!" असं कोणी ओरडलं की हातातला फोन, तोंडातलं भांडण, दारातला पाहुणा, सगळं जागच्या जागी थांबायचं.

मग इमारती पाडायचं ठरलं. "तीन वर्षांत टॉवर उभा करून देतो," बिल्डर म्हणाला. त्याला आता सहा वर्षं होत आली होती. सतरा नंबराच्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यात, मुलगा ओमकार सांगे त्याप्रमाणे, बेडूक होते. चार वर्षं इकडेतिकडे भाड्याने काढून परब दांपत्य शेवटी जामसंड्याला, टेंबवाडीतल्या आपल्या घरी येऊन राहिलं. गावच्या लोकांना वाटलं, चाकरमानी सुटला बिचारा. परबांना मात्र वाटे, आपल्याला कोणीतरी फलाटावर उतरवून गाडी पुढे नेली.

आणि आता ओमकारचा फोन आला होता. जुन्या वसाहतीच्या समोरच अकराव्या मजल्यावर भाड्याची जागा मिळत होती. "बाबा, रविवारी सकाळी मालकाला हो की नाही सांगायचंय. तुम्ही दोघं ठरवा."

"तुमी काय ता ठरवा," यशोदाबाई म्हणाल्या होत्या आणि कळशी उचलून परसात गेल्या होत्या. परबांनी मनात ठरवलं होतंच. फक्त तोंडाने बोलायचं राहिलं होतं.

*

त्या सोमवारी शेजारचा बाबली राणे पहाटे गाय सुटली म्हणून तिला शोधत परबांच्या दगडी गडग्यापर्यंत आला. गाय मिळाली नाही, पण परब दिसले. कुकरमध्ये पाणी भरताना.

"सत्यवाना, ह्या काय चल्लाहा?"

"पाणी भरतंय."

"बाव भरलेली आसताना?"

"भरलेला बरा," परब गूढपणे म्हणाले. त्यात गूढ काही नव्हतं, त्यांची झोप अजून उतरायची होती. पण बाबलीला ते गूढ वाटलं. बाबली हा विचार करणारा माणूस होता आणि वाडीला आजवर जे जे त्रास झाले, ते त्याच्या विचारांतूनच झाले होते. छत्तीस वर्षं मुंबईत नोकरी केलेला माणूस, ओरोसच्या कलेक्टर कचेरीत ज्याच्या ओळखी, तो पहाटे चोरून चार पिंपं भरतो. उगीच भरील? जाता जाता परबांच्या माडांकडे त्याचं लक्ष गेलं. सगळ्या वाडीचे माड उन्हाने मान टाकून होते आणि परबांचे तेवढे हिरवेगार. म्हणजे हा माणूस कधीपासून तयारीत आहे बघा!

घरी जाऊन तो बायकोला म्हणाला, "रुक्मिणी, पाणी भरून ठेव. सत्यवानाक कायतरी कळलाहा."

"काय कळलाहा?"

"ता तो सांगणा नाय. म्हणजे मोठाच काय ता आसतला."

रुक्मिणीने हे गडग्यावरून पलीकडच्या सीताला सांगितलं. सीताने सांगितलं तेव्हा "कायतरी कळलाहा" याचं "बावी आटतल्यो" झालं होतं. मंगळवारी दुपारी देवळापाशी त्याला "पाऊस एक महिनो उशिरा" ही जोड मिळाली. बुधवारी जामसंड्याच्या बाजारात टेंबवाडीकरांनी प्लास्टिकची पिंपं एवढी घेतली की दुकानदाराने निळी संपली म्हणून गुलाबी काढली. परबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. वाडीत अचानक सगळ्यांना पिंपांची हौस का आली, हे बघून त्यांना उलट बरं वाटलं.

गुरुवारी पहाटे पाचला टेंबवाडीतले अठरा पंप एकदम सुरू झाले. पाचच का, तर सत्यवान पाचला भरतो म्हणून. पंधरा मिनिटांत निम्म्या विहिरींनी तळ दाखवला आणि नळ्यांतून चहाच्या रंगाचं पाणी येऊ लागलं. अति तिथे माती म्हणतात, ती इथे थेट पिंपात पडली. तेवढ्यात वळणावरच्या विजेच्या डीपीतून एक निळा लोळ निघाला, मोठा आवाज झाला आणि सगळी वाडी अंधारात गेली.

*

आठ वाजता बाबू वायरमनने येऊन डीपी बघितली आणि साडेआठला त्याच्यासकट अख्खी वाडी परबांच्या खळ्यात, घराभोवतीच्या अंगणात, जमली.

"जळाली," बाबूने जाहीर केलं. "पार जळाली. नवी येवक दोन-तीन दिवस. अठरा पंप एकाच टायमाक कोण लावता रे?"

सगळ्यांनी बाबलीकडे पाहिलं. बाबलीने परबांकडे पाहिलं.

"सत्यवाना, आता तरी सांग. पाणी जातला ह्या तुका कोणी सांगलेला?"

"माका कोण सांगतलो?"

"मगे तू दोन वर्सा पिंपा भरतंस ता कित्याक?"

परबांनी लुंगी सावरली. कलेक्टर कचेरीतल्या कोणा साहेबाचं नाव घेतलं असतं तर सुटले असते. वाडी त्यासाठी तयारच होती. चार म्हाताऱ्यांनी तर मानही हलवायला घेतली होती. पण समोर गढूळ पाण्याचे हंडे घेऊन बायका उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर खोटं बोलणं परबांना जमेना.

"सवय," ते म्हणाले. "थंय पाणी पाचाक येय. नळ खोके. मी उठंय, आणि सगळी बिल्डिंग माझ्यावांगडा उठे. नाडकर्णी, फर्नांडिस बाय, शहा, सगळी. आता ती बिल्डिंग नाय. नळ नाय. पण पाचाक जाग येता तर मी काय करू? अंथरुणात पडान आढ्याक बघू?" त्यांचा आवाज जरा फुटला. "पाणी भरताना वाटता, आजून थंयच आसंय. एवढीच गोष्ट. माका काय एक कळाक नाय."

मग कोणीतरी फस्सकन हसलं आणि सगळी वाडी हसत सुटली. बाबली हसता हसता खाली बसला. परबांचा चेहरा मात्र पडला होता. मनातली एक गोष्ट त्यांनी दोन वर्षं झाकून ठेवली होती आणि ती आता खळ्यात वाळवणासारखी पसरली होती.

"हसतास कित्याक?" यशोदाबाई दारातून कडाडल्या. "आज पाणी कोणाकडे आसा, ता बगा. चार पिंपा आज फाटफटीची, लायट जावच्या आदीच भरलेली. मेल्यांनो, कळशे घेऊन येवा!"

हसू बंद झालं. लोक कळश्या आणायला धावले.

*

चार पिंपं दुपारपर्यंत संपली. पण परबांच्या विहिरीवर वडिलांच्या वेळचा रहाट होता. बाकीच्यांनी पंप आल्यावर आपापले रहाट काढून टाकले. परबांनी तो तेल घालून, नवा दोर लावून ठेवला होता, कारण पाण्याच्या बाबतीत एकावर विसंबणारा माणूस वसाहतीत टिकत नसे. तेव्हा यावरूनही लोक हसले होते.

शुक्रवारी पहाटे पाचला पहिली बाई आली, सव्वापाचला पंधरा झाल्या आणि साडेपाचला झोंबाझोंबी झाली. परबांचे डोळे लकाकले.

"लायनीत!" ते ओरडले. "घरामागे दोन कळशे. ज्येचो नंबर तेणा यायचा. धोंडो ठेवून कोणी घराक जावचा नाय!"

"मी माझी कळशी ठेवन गेल्लंय. ती कोणी सरकवली?" सीता कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"कळशेक पाय फुटले आसतले," रुक्मिणी म्हणाली.

"तुझ्या कळशेक बरे फुटाक नाय!"

परबांनी खडूने खळ्याच्या फरशीवर, थेट विहिरीपर्यंत, नंबर लिहिले. तंटे सोडवले. रहाट करकरत होता, कळश्या आपटत होत्या आणि रांगेत कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणाच्या कलमांवर तुडतुडे पडले, वाडीतल्या संचिताला बघायला आलेला कणकवलीचा मुलगा टकलू कसा निघाला, याची खबर पुढून मागे जात होती. दोन वर्षांत परबांना वाडीतल्या निम्म्या माणसांची नावं ठाऊक झाली नव्हती. दोन सकाळींत त्यांना कोणाचा गुडघा दुखतो तेही कळलं. शनिवारी तर त्यांनी चहाची दुसरी कपबशी मागून घेतली. हे यशोदाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

शनिवारी संध्याकाळी नवी डीपी आली. वाडीत दिवे लागले, सगळ्यांनी "इली! इली!" करून आरडाओरडा केला. त्यात परब नव्हते. ते खळ्यातल्या खडूच्या नंबरांकडे बघत बसले होते.

*

रविवारी पाचला गजर झाला. परब उठले, मागीलदारी गेले, थांबले. गडग्यापलीकडे कोणी नव्हतं. खळ्यात फक्त तीन नंबरावर कोणाची तरी विसरलेली चुंबळ पडली होती. परबांनी पंपाचं बटण दाबलंच नाही. ते पायरीवर बसून राहिले.

"आज पाणी नाय भरूचा?" यशोदाबाई आतून बाहेर आल्या.

"कोणासाठी भरू? यशोदे, मी ओमकाराक हो सांगतंय. अकरावो मजलो तर अकरावो. निदान गॅलरीतसून ती जागा तरी दिसतली."

"खड्डो दिसतलो," यशोदाबाई म्हणाल्या. मग माडांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि माडांका पाणी कोण घालतला?"

"माडांका? माडांका खंय पाणी घालूक लागता? आपले आपसुकच हिरवे आसत."

यशोदाबाईंनी कपाळावर हात मारला.

"आपसुक! दोन माणसांच्या घरात रोज चार पिंपा पाणी खंय जाता, ह्येचो कधी इचार केल्यात?"

परबांनी केला नव्हता. वसाहतीत पाणी संध्याकाळपर्यंत संपायचंच. पाण्याने संपावं, हा त्याचा धर्मच आहे, अशी त्यांची समजूत होती.

"दोन वर्सा रोज दिवेलागणीक मी कळशेन पाणी उपसतंय आणि माडांच्या मुळात ओततंय. कंबर गेली माझी. पिंपा भरलेली रवली आसती तर तुमी पाचाक उठान काय केला आसतास? पयल्या म्हयन्यात भिंतीकडे बघत बसास, ता बघवत नाय होता माका." त्या पदर तोंडाशी नेऊन थांबल्या. "आणि खरा सांगू? नळी पिंपात पडली की आवाज येता. मी डोळे मिटून आयकतंय. माका वाटता, सतरा नंबरातच आसंय. वायच येळान फर्नांडिस बाय हाक मारतली."

परबांनी वळून आधी माडांकडे पाहिलं, मग यशोदाबाईंकडे.

इतक्यात गडग्यापाशी भांडं वाजलं. रुक्मिणी उभी होती. कमरेवर कळशी होती आणि कळशी काठोकाठ भरलेली होती.

"अगो, तुमच्याकडे आता लायट इली मा?" यशोदाबाई म्हणाल्या. "आणि भरलेली कळशी घेऊन पाण्याक इलंस?"

रुक्मिणीने कळशीत बघितलं आणि ती ओशाळली. "रिकामी आणूची होती, रवली. पाणी आसा घराक. पण त्या टकल्याची गजाल काल अर्धीच रवली. सीता पण येता मागसून." एवढं बोलून तिने कळशी एक नंबरावर ठेवली. मागून सीता आलीच. तिने चुंबळ उचलली, दोघींकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं, "एक नंबर माझो होतो, तो कोणी घेतल्यान?"

घरात फोन वाजू लागला. यशोदाबाईंनी तो आणून परबांच्या हातात दिला.

"बाबा, ओमकार बोलतोय. मालक सातला निघतोय गावाला, म्हणून लवकर केला. काय सांगू त्याला? हो की नाही?"

परबांनी खळ्याकडे पाहिलं. तिथे भांडणाला नुकती कुठे धार लागत होती.

"ओमकार, आता नको," ते घाईने म्हणाले. "पाणी आलंय."

आणि फोन यशोदाबाईंकडे परत देऊन ते पंपाच्या बटणाकडे धावले. एकाच पायात चप्पल होती.