अण्णांचा ब्रेक

आमच्या शेजारचे अण्णा खुर्चीत बसून विमानाला ब्रेक मारतात. लंडनला राहणारी त्यांची मुलगी, सुषमा, यायला निघाली की हे मोबाईलवर तिच्या विमानाचा नकाशा लावून बसतात. विमान मुंबईला खाली येऊ लागलं की यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. चाकं टेकली की पाय सुटतो आणि मग चहा.

अण्णांनी तीस वर्षं नेवाशाहून एसटी चालवली. अपघात एकही नाही. "मास्तर, भ्यालेला डायवर घरी येतो," हे त्यांचं पेटंट वाक्य. लंडन-मुंबई अंतर मीच त्यांना सांगितलं, ती माझी चूक.

"सात हजार दोनशे किलोमीटर. नऊ तास."

अण्णांनी बोटांवर भागाकार केला आणि पांढरे पडले. "ताशी आठशे? म्या नगरपातूर कदी साठच्या वर काटा जाऊ दिला न्हाई! ह्यो गडी चहाला कुठं थांबतो?"

"थांबत नाही, अण्णा."

"मंग पेंगत आसंल!"

ही गोष्ट मी गावभर हसत सांगितली.

गेल्या महिन्यात अण्णांच्या छातीत कळ आली. नगरच्या दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. त्यांची बायको कधीच वारलेली, घरात दुसरं कुणी नाही. मी सुषमाला फोन केला, तर अण्णा माझ्यावरच उखडले. "कशाला कळवलं तुमी? आता पोरगी घाईनं निघंल. घाईनं निघालेल्यांच्या गाड्या म्या लई बगितल्यात, रस्त्याच्या कडंला."

सकाळी त्यांना न्यायला माणसं आली तेव्हा सुषमाचं विमान समुद्रावर होतं. अण्णांनी पलंगाची दांडी धरली ती सोडेनात. "इमान उतरू द्या. मंग काय कापायचं ते कापा."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता एक तासही थांबणं धोक्याचं आहे, म्हणाले.

"अण्णा, विमानाला पायलट आहे हो!"

"हाय की. पन त्यो तिचा बाप न्हाई. ब्रेक कोन मारनार?"

"मी मारतो," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्या पायांकडे पाहिलं. चालती गाडी त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. "आदी हळू दाबा," शेवटी म्हणाले. "एकदम न्हाई. पोरीला धक्का बसतो."

दांडी सुटली.

मी बाहेर बाकावर मोबाईल घेऊन बसलो. आत अण्णा, वर सुषमा, आणि मला दोघांसाठीही सारखीच भीती वाटत होती. विमान मुंबईजवळ आलं, खाली येऊ लागलं. मी चप्पल काढली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर उजवा पाय फरशीवर दाबला. आधी हळू, मग जोरात.

विमान टेकलं. तरी मला पाय उचलवेना. ऑपरेशनच्या दारावरचा दिवा अजून लालच होता.