हाऽऽ करून बघणे

"ह्याला पॉलिश म्हणतात?" फर्निचरच्या कारखान्यात पाऊल टाकताच सासरेबुवा गरजले. जन्मभर त्यांनी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने लाकूड आरशासारखं केलं होतं. आणि आता त्यांच्याच कारखान्यात जावयाने दोन डबे एकत्र कालवून टेबलावर काचेसारखं घट्ट होणारं रेझिन ओतलं होतं! संताप येणार नाही तर काय होणार?

"मामा, माझी पहिलीच ऑर्डर आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासाठी. उद्या बघायला येणार आहेत."

"त्यांनी नाक मुरडलं, तर हे डबे कारखान्याबाहेर. कबूल, जावईबापू?"

"कबूल. पण ओलं आहे, हात नका लावू."

"हात कोण लावतोय!"

पॉलिश हाऽऽ करून पारखायचं, ही त्यांची रीत. तोंडची वाफ झटकन उडाली, तर काम चोख. ते टेबलावर वाकले, छाती भरून घेतली आणि सगळा राग एकवटून "हाऽऽ" केलं. वाफ उडाली की नाही, देव जाणे. वरची कवळी मात्र सुटली आणि डुबकन रेझिनमध्ये बुडाली.

जावयाने चिमटा आणेपर्यंत रेझिन आळायला लागलं होतं. ओढाओढीत कवळी निघाली नाहीच, फक्त तिरकी होऊन जास्तच हसू लागली. जावयाने कपाळाला हात लावला.

"थोतांड मेलं!" सासरेबुवा बोळक्या तोंडाने फिसकारले. "आमची लाख झाडावर होते. तिने कधी कुणाचे दात गिळले नाहीत!"

"बाबा, तुमचे दात तरी कुठे झाडाला लागले होते?" आवाज ऐकून धावत आलेली मुलगी म्हणाली. "तेही रेझिनचेच."

सासरेबुवांचा तिळपापड झाला. पोटची पोरसुद्धा उलटली! पण असू दे. दात गेले तर गेले, उद्या डबेही जातील, एवढ्या समाधानावर त्यांनी पेज पिऊन रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. टेबलावर वाकल्या. चष्मा सावरून आतली कवळी निरखू लागल्या. जावयाला घाम फुटला, सासरेबुवांची मान ताठ झाली.

"ही कल्पना कुणाची?" बाईंनी विचारलं.

जावयाने मुकाट्याने सासऱ्यांकडे बोट दाखवलं.

"आजोबा, धन्य आहे तुमची! दवाखान्याला ह्याहून शोभेसं काय असणार? आणखी एक टेबल करा, जोडीचं. त्यात खालची कवळी घाला हं."

सासरेबुवांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. जावयाने डबा उघडला.